"डिले वाढव, चालतंय!"
– अंतिम वर्ष, ई अँड टीसी

मायक्रोकंट्रोलरच्या लॅबमध्ये एक वाक्य दिवसातून किमान दहा वेळा कानावर पडतं. एलसीडीवर नावाऐवजी काळे चौकोन आले, की शेजारच्या टेबलावरून सल्ला येतो, "डिले वाढव की भावा, चालतंय!" आणि गंमत म्हणजे खरंच चालतं. पाचाचे पन्नास करायचे, पुन्हा बर्न करायचं, एलसीडीवर कॉलेजचं नाव झळकतं, जर्नलवर सही होते आणि सगळी बॅच चहाला! पाचाला का चाललं नाही आणि पन्नासला का चाललं, हे कुणी कुणाला विचारत नाही. मीसुद्धा कधी विचारलं नव्हतं. शेवटी ते मला इचलकरंजीच्या एका माग-शेडमध्ये, मामासमोर उभं राहून विचारावं लागलं.

आता कोल्हापूरचा माणूस मुळात ‘चालतंय की’ या दोन शब्दांवर जगतो. मिसळीत कट जास्त पडला, चालतंय. केएमटी वीस मिनिटं उशिरा आली, चालतंय. सबमिशनला फाइलचं कव्हर निळं हवं होतं, हिरवं आणलं, तेही (रडतखडत) चालतंय. याबद्दल माझी काही तक्रार नाही. माझी तक्रार आहे ती प्रोग्रॅममध्ये ‘इथं थोडं थांब’ असं लिहिताना आपण हाच हिशोब लावतो त्याबद्दल. थोडं म्हणजे किती? आणि तेवढंच थांबला कशावरून?

आधी झालेली फजिती सांगतो.

माझ्या मामाचा इचलकरंजीत मागांचा छोटा कारखाना आहे. इचलकरंजी आणि माग हे नातं जुनं. १९०४ मध्ये विठ्ठलराव दातारांनी तिथं पहिला यंत्रमाग आणला, आणि तेव्हापासून त्या गावाचा खडखडाट थांबलेला नाही. मामाच्या शेडमध्ये पूर्वी धोट्याचे साधे माग होते. मिनिटाला दीडशेच्या आसपास धागे टाकणारे. आता चार सेकंडहँड एअरजेट आहेत. ज्यांनी पाहिले नसतील त्यांच्यासाठी सांगतो, एअरजेटला धोटा नसतो. आडवा धागा हवेच्या झोतावर उडत कापडाच्या या टोकाकडून त्या टोकाला जातो. आपला माग मिनिटाला ६०० फेऱ्यांवर चालतो, म्हणजे एका धाग्याला १०० मिलिसेकंद. या १०० मिलिसेकंदांत ताणा उघडतो, धागा उडतो, पलीकडे पोचतो, फणी त्याला ठोकून बसवते आणि ताणा पुन्हा बंद होतो. मागवाले हे सगळं वेळेत मोजत नाहीत, अंशात मोजतात. मुख्य शाफ्टची एक फेरी ३६० अंश, म्हणजे १ मिलिसेकंद = ३.६ अंश. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मामाचं दुखणं वेगळंच होतं. एअरजेटला हवा पुरवणारा कंप्रेसर विजेचं बिल खातो. हवेचा दाब कमी केला तर बिल वाचतं, पण धागा पलीकडे उशिरा पोचायला लागतो आणि माग वारंवार थांबतो. मामा म्हणाला, "तुम्ही इंजिनिअर होणार ना? मग मला एवढं दाखवा, कुठल्या मागावर धागा किती अंशाला पोचतोय. म्हणजे कुठला दाब किती उतरवायचा ते कळंल." नवीन मागांच्या पॅनलवर हे दिसतं म्हणे. मामाच्या मागांवर दिसत नव्हतं.

मला आणि माझ्या पार्टनरला तर लॉटरीच लागली. प्रोजेक्टला विषय मिळाला, तोही ‘इंडस्ट्री बेस्ड’! शाफ्टवर लोखंडी पट्टी लावली आणि तिच्यासमोर प्रॉक्सिमिटी सेन्सर. पलीकडच्या टोकाला मागाचा स्वतःचा धागा ओळखणारा फीलर असतोच, त्याचा सिग्नल घेतला. धागा आला की फ्लिपफ्लॉप सेट, पुढच्या फेरीला रिसेट. दोन्ही सिग्नल ऑप्टोकपलरमधून जुन्या पीसीच्या प्रिंटर पोर्टला. पीसी मामाच्या ऑफिसमधला, एका कोरचा, विंडोज ७ असलेला. (हसू नका. फुकट होता.) प्रोग्रॅम तर अगदीच सोपा. पट्टी दिसली की मोजायला सुरुवात, मग १ मिलिसेकंद स्लीप, धागा आला का बघ, नाही आला तर पुन्हा १ मिलिसेकंद स्लीप. जितक्या वेळा झोपलो तितके मिलिसेकंद, गुणिले ३.६, झाले अंश!

तो पीसी उचलून आम्ही पार्टनरच्या रूमवर आणला. मोटरवर पुठ्ठ्याची चकती फिरवून टेस्ट घेतली. आकडे थोडे इकडेतिकडे होते, ते आम्ही एका ‘करेक्शन फॅक्टर’ने भागून जुळवले. करेक्शन फॅक्टर म्हणजे काय, हे इंजिनिअरिंगच्या पोरांना वेगळं सांगायला नको. मग रविवारी सकाळी शेडमध्ये जोडला. मामा, मामी, जॉबर काका, दोन कामगार असे सगळे स्क्रीनभोवती. माग सुरू झाला आणि स्क्रीनवर आकडा आला, १४ अंश. मग १८. पुन्हा १४. आणि तीनातली एखादी फेरी तर प्रोग्रॅमला दिसतच नव्हती.

जॉबर काका शांतपणे म्हणाले, "१४ अंशाला तर धागा सुटलेला बी नसतोय."

खरंच होतं. धागा सुटतो ऐंशीच्या आसपास आणि पोचतो दोनशेच्या पुढे कुठंतरी. आमच्या प्रोग्रॅमच्या मते तो निघायच्या आधीच पोचत होता. नाद खुळा!

परत रूमवर आणला तर व्यवस्थित. पुन्हा शेडमध्ये नेला तर १४. असं तीनदा झालं. सेन्सर बदलला, वायर बदलली, अर्थिंगवर शंका घेतली. शेवटी कारण सापडलं ते अपघाताने. रूमवर काम करताना पार्टनर त्याच पीसीवर गाणी लावायचा. एके दिवशी हेडफोन विसरला म्हणून गाणी नव्हती, आणि रूमवर पण आकडा फिसकटला! गाण्यांचा प्लेअर उघडला की आकडे सुधारतात, बंद केला की बिघडतात. आम्ही दोघं एकमेकांकडे बघतच राहिलो. एक्सटर्नलना काय सांगणार, "सर, प्रोजेक्ट गाणी लावल्याशिवाय चालत नाही"?

यामागचं कारण समजलं तेव्हा मात्र मजा वाटली. ते असं आहे.

समजा हॉस्टेलवर तुम्ही वॉचमन काकांना सांगितलंत, "काका, मला एका मिनिटानं उठवा." पण काकांची फेरी दर पंधरा मिनिटांनी असते. मधल्या वेळात ते गेटवर बसलेले. मग तुम्ही एक मिनिट सांगा नाहीतर दहा, ते येणार पुढच्या फेरीलाच. उठून तुम्ही पुन्हा "आणखी एक मिनिट" म्हणालात, की पुन्हा पंधरा मिनिटं गेली. विंडोजमधला वॉचमन म्हणजे टायमरचा इंटरप्ट. तो सहसा सेकंदाला ६४ वेळा येतो, म्हणजे दर १५.६ मिलिसेकंदांनी. आमचा १ मिलिसेकंदाचा स्लीप प्रत्यक्षात १५.६ चा होत होता. धागा सुमारे ६५ मिलिसेकंदांना पोचत होता, तेवढ्यात आमची झोप चार-पाच वेळाच व्हायची. चार गुणिले ३.६ म्हणजे १४.४. पाच गुणिले ३.६ म्हणजे १८. हे ते १४ आणि १८! पट्टी सेन्सरसमोर १० मिलिसेकंद असायची आणि आम्ही १५.६ नी एकदा डोळे उघडत होतो, म्हणून तिसरी फेरी गायब.

आणि गाणी? आवाज न तुटता वाजवायचा तर प्लेअरला दर मिलिसेकंदाला जाग हवी असते. म्हणून तो विंडोजला सांगतो, ‘माझ्यासाठी फेरी दर मिलिसेकंदाला मारा.’ वॉचमन एकच असल्यामुळे त्याचा फायदा अख्ख्या हॉस्टेलला होतो. तेव्हा आमचा स्लीप १-२ मिलिसेकंदांवर यायचा, आणि उरलेली चूक तो आमचा लाडका करेक्शन फॅक्टर झाकायचा. विंडोज १० च्या २०२० मधल्या अपडेटपासून (आवृत्ती २००४) ही मेहेरबानी बंद झाली. आता ज्याने मागितलं त्याच्यापुरतंच. म्हणजे नव्या लॅपटॉपवर आमचा प्रोजेक्ट गाणी लावूनही चालला नसता.

वॉचमनचं अजून एक आहे. त्याने उठवलं म्हणजे तुम्ही लगेच आंघोळ करून बाहेर पडलात असं होत नाही. बाथरूमला रांग असते! प्रोग्रॅम जागा झाला तरी प्रोसेसर मोकळा असायला हवा. दुसऱ्या कुणाची पाळी चालू असेल तर तुम्ही उभेच. म्हणून स्लीपच्या माहितीत एक शब्द असतो, जो आपण सगळे नजरेआड करतो. ‘किमान’. किमान इतका वेळ थांबवीन, एवढाच करार आहे. जास्तीत जास्त किती, याबद्दल ऑपरेटिंग सिस्टिम अवाक्षर काढत नाही.

लिनक्सवाले म्हणतील, आमच्याकडे हे नाही. थोडं खरं आहे. लिनक्समध्ये नॅनोस्लीप नावाचं फंक्शन आहे, थांबायचा वेळ नॅनोसेकंदात द्यायचा. नाव ऐकून छाती भरून येते. पण २.४ कर्नेलमध्ये, आपल्या साध्या पीसीवर, वॉचमन सेकंदाला १०० फेऱ्या मारायचा, म्हणजे नॅनो मागा नाहीतर मायक्रो, मिळणार १० मिलिसेकंदांच्या पटीतच. २.६ मध्ये १००० फेऱ्या झाल्या. खरी सुधारणा २००६-०७ च्या सुमारास आली. फेऱ्यांची वाट न बघता टायमरच्या चिपला नेमक्या क्षणाचा गजर लावायची सोय. तरीही आज साध्या प्रोग्रॅमला वीज वाचवण्यासाठी ५० मायक्रोसेकंदांची ढील दिलेली असते. आणि तो यूस्लीप, जो आपण नेटवरून उचललेल्या प्रत्येक कोडमध्ये असतो, तो पॉझिक्सच्या २००८ च्या आवृत्तीतून काढूनही टाकला आहे. आपल्या पोरांपर्यंत ही बातमी अजून पोचलेली नाही.

जाता जाता, नॅनोसेकंद म्हणजे केवढा? प्रकाश तेवढ्यात ३० सेंटिमीटर जातो, म्हणजे आपली फूटपट्टी. ग्रेस हॉपर बाई भाषणाला जाताना तेवढ्या लांबीचे वायरचे तुकडे घेऊन जायच्या आणि लोकांच्या हातात ठेवायच्या, ‘हा घ्या नॅनोसेकंद’. आपल्याकडे लग्नात घटिकापात्र ठेवायचे, तेव्हा घटका २४ मिनिटांची, पळ २४ सेकंदांचं आणि विपळ ०.४ सेकंदाचं. एका विपळात मामाचा एअरजेट चार धागे टाकून मोकळा होतो.

या थोडं थांबण्याच्या नादात मोठमोठे फसलेत, एकटे आपणच नाही. आपले सीनियर्स (आणि बरेचसे सर) टर्बो सीच्या निळ्या स्क्रीनवर वाढले. डॉसमध्ये वॉचमन सेकंदाला फक्त १८.२ वेळा यायचा, ५५ मिलिसेकंदांनी एकदा. मग १ मिलिसेकंदाचा डिले कसा मिळायचा? टर्बो पास्कलने केलेली युक्ती बघा. प्रोग्रॅम सुरू होताना एका टिकमध्ये रिकामा लूप किती वेळा फिरतो ते मोजायचं, त्याला ५५ ने भागायचं, झाला १ मिलिसेकंदाचा लूप. युक्ती झकास! पण उत्तर १६ बिटांत बसायला हवं. पुढे २०० मेगाहर्ट्झच्या वरचे पेंटियम आले, लूप इतक्या वेळा फिरायला लागला की भागाकार १६ बिटांत मावेना, आणि चांगले चालणारे प्रोग्रॅम सुरू होताक्षणी ‘रनटाइम एरर २००’ देऊन मरायला लागले. कारण काय, तर कॉम्प्युटर फार वेगवान आहे! प्रोग्रॅमची पहिली ओळ चालायच्या आधीच खेळ खल्लास. तो डिले कुणी वापरो न वापरो.

आता मायक्रोकंट्रोलरवाले मित्र म्हणतील, "आमच्याकडे ना विंडोज ना वॉचमन. आमचा डिले पक्का." बरोबर आहे, बऱ्याच अंशी. ८०५१ ला १२ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल असेल तर एक मशीन सायकल १ मायक्रोसेकंदाची, डीजेएनझेडला दोन सायकल, २५० वेळा फिरवा, ५०० मायक्रोसेकंद. हे गणित ओरलला हमखास विचारतात आणि आपण पाठ करून जातो. पण आपल्या लॅबमधल्या किटवर क्रिस्टल कितीचा आहे हे कधी वाकून बघितलंय? ११.०५९२ चा आहे. ९६०० बॉड रेट नीट जमावा म्हणून मुद्दाम तसा लावतात. म्हणजे जर्नलमधला प्रत्येक ५०० हा प्रत्यक्षात ५४२ आहे, साडेआठ टक्के जास्त, आणि वर्षानुवर्षं त्याच जर्नलवर सही होते. त्यात मध्येच इंटरप्ट आला तर लूप आणखी लांबतो. आणि सीमध्ये लिहिलेला रिकामा फॉर लूप कंपायलरने ‘याचा काही उपयोग दिसत नाही’ म्हणून उडवून लावला तर डिले शून्य!

हल्ली सगळेजण ईएसपी-३२ वर प्रोजेक्ट करतात, तिथंही गंमत आहे. त्याच्या मूळ डेव्हलपमेंट किटमध्ये ठेवणीतला टिक सेकंदाला १०० असतो, म्हणजे १० मिलिसेकंदांचा. तुम्ही टास्कला ५ मिलिसेकंद थांब म्हणालात, की ५ भागिले १०, पूर्णांकात उत्तर शून्य. पाच मागितले, एकही मिळाला नाही, आणि कंपायलर हू की चू करत नाही.

मग ज्या एलसीडीपासून सुरुवात केली तिच्याकडे येऊ. तिच्या डेटाशीटमध्ये स्पष्ट छापलंय, बहुतेक कमांडला ३७ मायक्रोसेकंद लागतात, आणि स्क्रीन पुसणं किंवा कर्सर घरी नेणं याला १.५२ मिलिसेकंद. म्हणजे चाळीसपट फरक. बहुतेक वेळा काळे चौकोन आणि अर्धवट अक्षरं येतात ती सुरुवातीच्या नाहीतर पुसायच्या कमांडला पुरेसं न थांबल्यामुळे. आपण काय करतो? सगळ्याच कमांडला ५० मिलिसेकंद! एका ओळीच्या १६ अक्षरांना ८०० मिलिसेकंद, ज्यात कंट्रोलर आंधळा, बहिरा, मुका. मामाच्या मागाच्या तेवढ्यात आठ फेऱ्या झाल्या. आणि एलसीडी बिचारी स्वतःहून सांगायला तयार असते. तिच्यात बिझी फ्लॅग असतो. विचारलं की सांगते, ‘अजून काम चालू आहे’ किंवा ‘झालं, बोल’. पण आपण तिची रीड-राइट पिन थेट ग्राउंडला सोल्डर केलेली असते. तिला बोलायची सोयच ठेवलेली नाही, आणि वर आपण अंदाजाने थांबतोय!

माझा खरा मुद्दा हाच आहे. आपल्या प्रोग्रॅममधले दहापैकी आठ डिले वेळेसाठी नसतातच. ते कशाची तरी वाट बघण्यासाठी असतात. एलसीडी मोकळी व्हावी, एडीसीचं रूपांतर संपावं, मोडेमकडून ‘ओके’ यावं. घडायचं ते घडलं का, हे विचारायचं सोडून आपण घड्याळ बघत बसतो. पाहुणे आले का हे दार उघडून बघण्याऐवजी ‘पंधरा मिनिटांत येतील’ म्हणून पंधरा मिनिटांनी जेवायला वाढल्यासारखं.

उरलेले दोन डिले मात्र खरे असतात, त्यांच्यावर माझा राग नाही. डीएस१८बी२० ला जागं करायला लाइन किमान ४८० मायक्रोसेकंद खाली ओढावी लागते, तिथं दुसरा उपाय नाही. अल्ट्रासॉनिक सेन्सरला १० मायक्रोसेकंदांचा ट्रिगर हवा, तिथं रिकामा लूपच बरा. एवढ्याशा वेळेसाठी टायमर आणि इंटरप्ट उभे करणं म्हणजे रंकाळ्यावर जायला विमानाचं तिकीट काढणं. बटण दाबल्यावर त्याचे पत्ते थरथरतात म्हणून १०-२० मिलिसेकंद दुर्लक्ष करायचं, तेही ठीक. (ते सुद्धा झोपून न राहता करता येतं, पण असो.)

आणि काही ठिकाणी थांबणं इतकं महत्त्वाचं असतं की ते प्रोग्रॅमच्या भरवशावर सोडतच नाहीत. आपल्या शिरोलीच्या, गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीत इंडक्शन फर्नेस असतात. थायरिस्टरवर चालणाऱ्या फर्नेसमध्ये करंट शून्यावर आल्यावर त्या थायरिस्टरला पुन्हा व्होल्टेज अडवायला काही दहा मायक्रोसेकंद सावरू द्यावे लागतात. नाही दिले तर तो नको तेव्हा चालू होतो, आणि समोरचाही चालू असतो. मग जे होतं त्याला शॉर्ट म्हणतात आणि त्याचा आवाज शेजारच्या युनिटपर्यंत जातो. साध्या मोटर ड्राइव्हच्या इन्व्हर्टरमध्येही वरचा स्विच बंद आणि खालचा चालू, यामध्ये मायक्रोसेकंदांचा डेड टाइम असतो आणि तो हार्डवेअरच्या टायमरमधून निघतो. तिथं कुणी ‘डिले वाढव, चालतंय’ म्हणत नाही.

हे सगळं मी एका सरांशी बोललो. ते म्हणाले, "तुझं बरोबर आहे, पण पहिल्याच प्रॅक्टिकलला इंटरप्ट आणि टायमर शिकवला तर अर्धी बॅच पुढच्या वेळी दिसणार नाही. एलईडी लुकलुकली की पोरांना हुरूप येतो. त्यासाठी डिले लागतोच." हे मला मान्य करावं लागलं. मलाही हुरूप तसाच आला होता. पण मग तो डिले पहिल्या प्रॅक्टिकलपुरताच राहू दे ना! शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टमध्येही तोच डिले, फक्त आकडा मोठा. मला वाटतं, सेकंड इयरच्या जर्नलमध्ये एकच प्रयोग घालावा. पिन उचल, डिले, पिन खाली, आणि ती पिन डीएसओवर लाव. मागितला किती, मिळाला किती, शंभर वेळांत सगळ्यात जास्त किती, एवढाच तक्ता. पहिल्यांदा कंट्रोलरवर, मग पीसीवर, मग पीसीवर काहीतरी दुसरं चालू करून. दोन तासांचं काम आहे. लॅबमधले डीएसओ तसेही वर्षातले दहा महिने कव्हर घालून झोपलेले असतात (त्यांचा डिले फारच मोठा).

राहिली आमच्या प्रोजेक्टची गोष्ट. गाण्यांचा शोध लागल्यावर पार्टनर म्हणाला, स्लीप काढूनच टाकू, रिकामा लूप फिरवत घड्याळ वाचत राहू. केलं. आकडे लगेच माणसात आले, २३० च्या आसपास. पण पीसीचा पंखा बोंब मारायला लागला, माउस हलेना, आणि अँटीव्हायरस जागा झाला की मध्येच ३० मिलिसेकंदांची दांडी. ३० मिलिसेकंद म्हणजे १०८ अंश. मामाला हे दाखवणं शक्य नव्हतं.

शेवटी वेळ मोजायचं काम पीसीकडून काढून घेतलं आणि अर्डुइनो उनोला दिलं. पण त्यातही डिले नाही. त्याच्या चिपमध्ये १६ बिटांचा एक टायमर आहे, त्याला इनपुट कॅप्चर म्हणून सोय असते. सिग्नल आला, की त्या क्षणी टायमरचा आकडा हार्डवेअरच उचलून बाजूला ठेवतं. प्रोग्रॅमला कळवायला थोडा उशीर झाला तरी बिघडत नाही, वेळ आधीच टिपलेली असते. १६ मेगाहर्ट्झला ६४ ने भागलं, एक टिक ४ मायक्रोसेकंदांचा. ६५,५३६ टिक म्हणजे २६२ मिलिसेकंद, आपल्याला लागतात १००, ऐसपैस मावतात. ४ मायक्रोसेकंद म्हणजे अंशाचा जेमतेम सत्तरावा भाग. अख्ख्या प्रोग्रॅममध्ये एकही ‘थांब’ नाही. काही घडलं तर कंट्रोलर उठतो, नाहीतर पडून राहतो. पीसीचं काम फक्त आलेले आकडे दाखवायचं, तिथं गाणी लावा नाहीतर सिनेमा.

परत एकदा रविवार, परत तीच मंडळी. एक नंबरचा माग २२८, तीन आणि चार २३० च्या आगेमागे. दोन नंबर २३९. प्रत्येक फेरीला थोडा हलणारा, पण बाकीच्यांपेक्षा ठळक उशिरा. माझी छाती दोन इंच फुगली. मी मामाला म्हटलं, "मामा, दोन नंबरचा धागा जवळजवळ दहा अंश मागं आहे. अडीच मिलिसेकंद! त्याचे नोझल बघून घ्या."

मामाने जॉबर काकांकडे बघितलं. काका तंबाखू मळत होते. म्हणाले, "व्हय, दोन नंबर गेल्या आठवड्यापास्नं जरा मागंच वाजतोय. नोझल काढून ठेवल्यात, दुपारी साफ करणार हाय."